शनिवारची पुडी

तिसऱ्यांदा रिपोर्ट तोच आला. काळीच्या विष्ठेत चाबूकजंतांची अंडी. हा जंत आतड्याला चिकटून बसतो आणि जनावराला जुलाबाने पार वाळवतो. मायक्रोस्कोपखाली त्याचं अंडं चिमुकल्या लिंबासारखं दिसतं, दोन्ही टोकांना बूच लावलेलं. आता ते स्वप्नात दिसायचं तेवढं बाकी होतं.

काळी ही सिंहपुच्छ माकडीण. दक्षिण सह्याद्रीच्या जंगलात ही माकडं मोजकीच उरलीत. कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर पिंजऱ्यात तीन सापडली आणि आमच्या रेस्क्यू सेंटरला आली. जंत तिघांनाही होते. दोघं तग धरून होती, काळी मात्र निम्मी झाली होती.

मॅनेजरांचा रोज फोन. "डॉक्टर, औषध लागू का पडत नाही?"

"मलाही तेच कळत नाही, सर."

डोस वाढवला. ही अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पिंजऱ्यातली माती काढून फरशी घातली. पाणी उकळून दिलं. उपयोग शून्य.

कोर्स तीन दिवसांचा, रोज एक पुडी. मी शेवगावहून दर गुरुवारी जायचो, म्हणून कोर्स गुरुवारी सुरू व्हायचा. पाथर्डीचे ज्ञानदेवमामा माकडांचं सगळं बघायचे. ते भाकरी-गुळाच्या मलिद्यात औषध कालवायचे आणि माकडं बोटं चाटून खायची.

त्या गुरुवारी चमचा शोधताना मी एक डबा उघडला. आत काळीच्या नावाच्या तीन पुड्या, बाकी दोघांच्याही तेवढ्याच.

"मामा, हे काय?"

"शनवारच्या हायेत, सायेब. जपून ठिवल्यात."

"दिल्या का नाहीत?"

"शनवार मारुतीचा. उपास असतोय त्यांचा. केळी, शेंगदानं देतो. मलिदा कसा चालंल?"

"मग केळ्यात घालायची होती."

"तुमी मलिद्यात म्हनला हुता."

म्हणालो होतो खरा. रजिस्टरमध्ये अख्ख्या कोर्सला 'औषध दिले' असा एकच रकाना होता, तोही मीच आखलेला. मामांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला.

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजी काळी माझ्यामुळं वाळली?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"सोमवारपासून सुरू करू," मी म्हणालो. "सोमवारी उपास नाही ना?"

"सोमवार मी धरतो, म्हादेवाचा. त्यांचा काय संबंध?"

दोन कोर्सनंतर तिघांचेही रिपोर्ट कोरे आले. काळी सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन बसली आणि तिथून तिने माझ्या डोक्यावर केळ्याची साल टाकली. मामा पहिल्यांदाच मोकळे हसले.

आता रजिस्टरमध्ये तीन रकाने आहेत. आणि औषध लिहून देण्याआधी मी पेशंटचे उपास विचारतो.