प्रतिज्ञा फक्त मागच्या खुर्च्यायले

पुस्तकं वाटनाऱ्या पोरानं माह्या हातातून जाड पुस्तक काढून घेतलं. हिसकलं नाही. मोठ्या मायेनं काढलं, लेकराच्या हातातून चाकू काढतेत तसं.

"ताई, हे समोरच्या पाहुण्यांसाठी आहे. तुमच्या लोकांसाठी ते पातळ पुस्तक. फुकट आहे, चित्रंही आहेत."

यवतमाळचं सभागृह. हवामान बदलावरच्या दोन पुस्तकायचं प्रकाशन. मागच्या खुर्च्या भराले आमच्या वस्तीतल्या बाया टेम्पोत घालून आनल्या होत्या, त्यायच्यात माह्यी मायबी. मी एमेस्सी करून राह्यली, पन वस्तीतली म्हंजे मागचीच. जाड पुस्तकाची किंमत पाह्यलती. माय हप्ताभर लोकायच्या वावरात निंदाले गेली तरी येत नव्हतं.

पन मले तेच पाह्यजे होतं. गेल्या उन्हाळ्यात माय वावरात चक्कर येऊन पडली, सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती. तवापासून मले एकच समजून घ्याचं होतं. हे ऊन वाढवलं कोनं?

जाड पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी वाचून झालती. कोळसा. सिमेंट. विमानं. श्रीमंत देश, श्रीमंत घरं. मंग पातळवालं उघडलं. पहिल्याच पानावर चूल. चुलीपाशी काळी बाई, धूर थेट आभाळाले. झोपडीवर निळा झेंडा काढाले चित्रकार इसरला नव्हता. खाली लिवलं होतं, 'पृथ्वी तापते कारण आपण चुकतो.' आपण म्हने. वा रे शहाणे. पैसेवाल्याले कारनं विकाची, अन् गरिबाले दोष फुकट वाटाचा.

लेखक साहेब माईकवर आले. एसीच्या गारव्यात सत्काराची शाल अंगावर ओढली अन् म्हनले, "आता मागच्या भगिनींनी उभं राहायचं. हात पुढे करायचा. माझ्यामागून म्हणायचं, मी चूल पेटवणार नाही."

माय उठली. हात पुढं केला. समोरच्या रांगा बसल्या बसल्या फोटो काढून राह्यल्या होत्या.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रतिज्ञा म्हंजे आमच्या घरी तमाशा नाही. छप्पन्नमधी आजा दीक्षा घ्याले पायी नागपूरले गेलता. ज्यायनं प्रतिज्ञा देल्ल्या, त्यायनं पहिले सोता घेतल्या, मंग लोकायले देल्ल्या. आज्यानं त्या मरेपर्यंत पाळल्या.

"माय, बस खाली," म्या मोठ्यानं म्हनलं. "साहेब, पहिले समोरचे उठू द्या. एसी सोडतो, विमान सोडतो म्हना. मंग आमी उठतो."

साहेब हासले. "बाळ, तुला विषय समजला नाही."

"समजाचं पुस्तक तुमी समोर विकलं ना."

बाया एकेक करून बसल्या. माय सगळ्यायच्या शेवटी बसली. कार्यक्रम संपला तवा टेम्पोवाला आमाले न घेताच निघून गेला होता.

बसस्टँडवर माय बोलली, "काहून बोलली वं? प्रतिज्ञा घेनाऱ्याले गॅसची शेगडी भेटनार होती म्हने."

नाही भेटली. माय अजून धुरात खोकलते. त्याचं मले दुख हाय, पस्तावा नाही.

आता वस्तीत कोनी पुस्तकं वाटाले आलं का मी पहिले किंमत पाहीन. फुकट असलं, तं समजीन का आरोप आपल्यावर हाय. अन् जो प्रतिज्ञा द्याले येईल, त्यानं आमच्या दारात पहिले सोता हात पुढं कराचा. नाही तं आल्या रस्त्यानं वापस जाचं.