वहिनींचा रिकामा वाफा

सत्तर वर्षं मी एका बाईला खरं सांगितलं नाही. आज पहाटे ती गेली.

आमच्या थोरल्या वहिनी. नव्वदी ओलांडली होती. सगळे म्हणतात, हाल न होता सुटल्या.



ही पोस्ट कुणाकुणाला दिसते ते मला नीट कळत नाही. दिसली तर दिसू दे.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. दादा मिलिटरीत ड्रायव्हर, तिकडे इराणात ट्रक चालवायचा. घोडेगावचा त्याचा एक सोबती रजेवर आला, त्याच्याबरोबर दादानं कागदाची पुडी पाठवली.

तिकडच्या डोंगरातल्या लाल फुलाचं बी. खसखशीच्या जातीतलं, पण फूल म्हणे ताटलीएवढं.

सोबत चिठ्ठी. एकदा धरलं की दर साली मुळापासून फुटतं. उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसेल, उपटू नका. तिसऱ्या साली फूल येईल, ते बघायला मी घरी असेन.

वहिनींना वाचता येत नव्हतं. चिठ्ठी मीच वाचून दाखवली. "उपटू नका" हे माझ्याच तोंडानं वाचलं.

लग्नानंतर दादा त्यांच्या वाट्याला जेमतेम चार महिने आला होता. घरात त्याचं असं काही म्हणजे ती पुडी.

बी इतकं बारीक की श्वासानं उडेल. वहिनींनी ते बारीक वाळूत कालवून मोरीपलीकडच्या वाफ्यावर भुरभुरलं. वर माती टाकायची नाही, बियाला उजेड लागतो, असं सोबत्यानं बजावलं होतं. तांब्यानं पाणी घातलं तर बी वाहून जाईल, म्हणून लिंबाची डहाळी बुडवून शिंपडायच्या. रोज. पदर दातात धरून.

तीन रोपं जगली. कातरलेली पानं, त्यांवर लव.

उन्हाळ्यात जळून गेली आणि पावसाळा सरल्यावर खरंच परत फुटली. त्या दिवशी वहिनींनी गूळ वाटला. आई म्हणाली, पोरगं झाल्यासारखं करतीय ही.

मग एक दिवस शेजारचे किसनबापू वाफ्यापाशी थांबले. मला जवळ बोलावलं.

"अफू हाय ही. फौजदाराला कळलं तर पयलं तुला नेतील. दादाची नोकरी बी जाईल."

आणि हसत निघून गेले.

बापूंना सगळ्या वस्तीची थट्टा करायची सवय. पण मला थट्टा कळत नाही, तेव्हाही कळत नव्हती. चौथीत शाळा सोडलेला, पंधरा वर्षांचा मी. खाकी कपडा दिसला की मी घराआड व्हायचो.

कुणाला विचारायला हवं होतं. विचारलं तर बोभाटा होईल, म्हणून तेही केलं नाही.

वैशाखात पानं पुन्हा जळाली. वाफा तसाही उघडाच दिसायला लागला. तीच वेळ मी धरली.

वहिनी पाण्याला गेल्या होत्या. मी तिन्ही मुळं खणून काढली. मुळ्यासारखी लांब. एक मोडलं, त्यातून पांढरा चीक आला. मला वाटलं, बापूंचं खरं आहे.

मुळं उकिरड्यात पुरली. वाफ्याची माती तळहातानं सारखी केली.

कुणाला काही दिसलं नाही.

पावसाळा सरला. वहिनी रोज सकाळी वाफा बघायच्या. मग लढाई संपून दादा आला. बूटही न काढता आधी वाफ्याशी गेला. म्हणाला, कधी कधी उशीर करतं, येईल.

मी भीत भीत विचारलं, दादा, ही अफू का?

त्यानं मला वेड्यात काढलं. अफूचं पान गुळगुळीत असतं, ह्याला लव असते. ह्याला लायसन लागत नाही.

ती लव मी किती वेळा बोटानं पाहिली होती.

तो सबंध हिवाळा दोघं त्या वाफ्याला पाणी घालत होती. वहिनी डहाळीनं शिंपडायच्या, दादा शेजारी उकिडवा बसून.

नुकतीच कुठं संसाराला लागलेली दोन माणसं. हळू आवाजात बोलायची, हसायची.

आणि मातीखाली काही नाही.

मी ओसरीवरून बघायचो. आज या वयातही ओल्या मातीचा वास आला की मी खोलीतून उठून जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला सर्दी होते.

शिमग्याच्या सुमारास दादानं नाद सोडला. हसत म्हणाला,

"तुझ्या हाताला झाडच न्हाई गं."

वहिनीही हसल्या.

दादा बोलून विसरला. वहिनींनी त्यानंतर मातीत बी म्हणून टाकलं नाही. मेथी नाही, कोथिंबीर नाही. तुळससुद्धा दुसऱ्यानं लावायची. पेरणीला त्या बांधावर उभ्या राहायच्या.

दारापुढं काही लावायचं झालं की मला निरोप.

"भावजी, तुमी टाका. माझ्या हातचं जगत न्हाई."

मी टाकायचो. उगवायचं. मग आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या भावजींचा हात लई गुणाचा.

मला. मलाच म्हणायच्या.

दादा होता तोवर त्याच्या रागाची भीती. तो गेल्यावर वाटलं, आता वहिनींना एकटीला कशाला त्रास. असं करत वर्षं गेली.

मागच्या महिन्यात मुद्दाम सांगायला गेलो. त्यांना ऐकू येत नव्हतं, कानाशी ओरडावं लागायचं. घरात सुना, नातवंडं, शेजारीण. एवढ्या माणसांत हे ओरडून कसं सांगायचं?

मी ओरडलो, "जेवलात का?"

"व्हय," म्हणाल्या. माझा हात धरला आणि सुनेला म्हणाल्या, परसात वाल लावायचेत ना, भावजी आलेत तर त्यांच्याकडून लावून घे.

मी वाल लावून आलो.

वहिनी, तुमच्या हातचं झाड मेलं नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यातही खाली जिवंत होतं. मुळं पांढरी, रसरशीत होती.

मी पाहिली आहेत.

तुमच्या भावजीचा शेवटचा नमस्कार.