टेक, टुक, टेकन आणि वन्सं

माझ्या नणंदेला पायमशीनवर बसल्याशिवाय इंग्रजी येत नसे. हसू नका, खरं सांगते आहे.

वन्सं नवऱ्याचं घर कायमचं सोडून आमच्याकडे आल्या, त्या मशीन घेऊनच. दोन खोल्यांतली आतली त्यांना गेली आणि लग्नाला चार महिने झालेली मी बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. माझा नुसता तिळपापड व्हायचा. तेवढ्यात हाकेच्या अंतरावरच्या शाळेत पुढच्या वर्षापासून शिवणबाईंची जागा निघाली. हवी असेल तर आवारात राहायला खोलीही होती. पण मॅट्रिकची अट, आणि वन्सं इंग्रजीत दोनदा नापास. आता शेवटची संधी. मी मॅट्रिक झालेली, लगेच कंबर कसली. हेतू काही पवित्र नव्हता, मला माझी खोली हवी होती.

दुपारी कामं आटोपली की मी पुस्तक घेऊन चटईवर बसे. 'टेक' या एका क्रियापदाने आमचा महिनाभर जीव खाल्ला. समोर बसवून रूपं विचारली की वन्सं 'टेक, टेक्ड' म्हणत आणि तिथेच अडत. एकदा मी चिडून पुस्तक आपटलं. त्या मशीनकडे वळल्या, पाय मारू लागल्या आणि आपसूक तोंडातून आलं: टेक, टुक, टेकन. मग काय, सगळी रूपं पायाच्या ठेक्यावर बसवली. अभ्रे झाले, पडदे झाले, भूतकाळ झाला. पुढे पुढे पुस्तक मिटलं तरी आम्ही बोलत बसू लागलो. ह्यांना सांगितलं नसतं, ते मी वन्संना सांगायची. काय दुपारी होत्या त्या.

परीक्षेत त्यांनी बाकाखाली चपला काढल्या आणि अनवाणी पाय हलवत पेपर लिहिला. पर्यवेक्षक दोनदा वाकून बघून गेले म्हणे. हे ऐकून मी पोट धरून हसले.

पास झाल्या. नोकरी लागली. दारात हातगाडी आली, मशीन चढली. वन्सं उंबऱ्यात थांबल्या.

"वहिनी, तुला खोली हवी होती, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी किती मनापासून शिकवलंस."

त्या तिथेच घुटमळल्या, माझ्याकडे बघत. नोकरी आमच्या घरूनही झाली असती. 'राहा', एवढंच म्हणायचं होतं मला. पण माझा मेला ताठा! मी म्हटलं, सावकाश जा, गाडीवाला खोळंबलाय.

संध्याकाळी हे म्हणाले, चल, आतली खोली लावून घेऊ. मी त्यांच्या अंगावर खेकसले आणि त्या रिकाम्या खोलीत बसून ढसाढसा रडले.