एकशे आठ पायऱ्यांचा तलाव

आमच्या पाऱ्यामागचा तलाव आता नाही. पारा म्हणजे इथली आळी. तलावाच्या जागी तीन मजली दुकानं आहेत आणि त्यांच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी भरतं. दुकानदार नालीला शिव्या देतात. मला त्या पाण्याचं काही चुकतंय असं वाटत नाही. त्याला कुणी पत्ता बदलल्याचं कळवलेलं नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाची मुलगी रायपुरातल्या तलावांवर प्रबंध लिहीत होती. आमच्या घरात मराठी तिच्या पिढीपर्यंत पोचली ती ऐकण्यापुरती. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही. तिच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं की ज्या तलावाला भरवशाचा पुरावा नसेल तो प्रकरणातून काढून टाकायचा. मोठ्या तलावांची चिंता नव्हती. ते टिकले, त्यांना कठडे आणि रंगीत दिवे मिळाले. तेलीबांध्याला तर संध्याकाळी पाण्याकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. आमचा तलाव लहान, शिवाय बुजलेला. प्रबंधातूनही गेला असता तर तो दुसऱ्यांदा बुजला असता. म्हणून मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन, चष्मा लावून तिच्या लॅपटॉपशेजारी बसू लागलो.

पहिल्याच दिवशी तिला पंधरा-वीस संकेतस्थळं सापडली. सगळ्यांचं एकमत होतं: तलाव एका राणीनं खोदवला, त्याला एकशे आठ पायऱ्या होत्या, आणि पाणी लागलं त्या दिवशी राणीनं तलावाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. एका ठिकाणी सोबत तलावाचं छायाचित्रही होतं. त्यात मागे बर्फाचे डोंगर होते.

पोरगी खूश झाली. मी चहा गार झाल्याचं निमित्त करून आत गेलो.

ती हुशार आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं सगळ्या पानांवरची वाक्यं एकाखाली एक मांडली होती. शब्द तेच, क्रम तोच, शेवटची हळहळसुद्धा तीच. प्रत्येक पानाला ती तीनच प्रश्न विचारत होती: हे कुणी लिहिलं, त्याला कसं कळलं, आणि त्यानं कुठून उचललं. पहिल्या दोन प्रश्नांना कुठेच उत्तर नव्हतं. तिसऱ्याचा माग काढत ती सगळ्यात जुन्या पानापर्यंत गेली. तिथे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘एक स्थानीय स्मारिका के आधार पर’.

मग ती माझ्याकडे वळली. मला चिडवायचं असलं की ती आमच्या घरातला ठेवणीतला ‘काहून’ काढते. “मोठे बाबा, छत्तीसगढ़ की रानी पूरनपोली काहून बनाएगी? ठेठरी बनाती, खुरमी बनाती।”

उत्तर मला ठाऊक होतं. मी कॉलेजात असताना आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघायची. त्यात पाहुण्यांचे संदेश, पाहुण्यांचे फोटो आणि साड्यांच्या जाहिराती जाऊन जागा उरली तर मजकूर. एका वर्षी तलावावर लिहायचं कबूल केलेले वकीलसाहेब ऐनवेळी गावाला गेले आणि दोन पानं कोरी राहिली. सचिवांनी मला बोलावलं. दुपारपर्यंत हवं, आणि जरा भारदस्त हवं, म्हणाले. मी आमच्या ओसरीवर बसून लिहिलं. तलाव कुणी खोदला हे मला माहीत नव्हतं, म्हणून राणी आणली. पायऱ्या मोजल्या नव्हत्या, म्हणून एकशे आठ लिहिल्या; तो आकडा कुणी तपासत नाही. पाहुण्यांत हिंदी वर्तमानपत्राचे एक वार्ताहर होते. त्यांना लेख फार आवडला. पुढचा प्रवास त्यांनी सुरू करून दिला असणार.

बोललो नसतो तर कदाचित खपूनही गेलं असतं. वीस जण एक गोष्ट सांगतात तेव्हा मार्गदर्शकही मान डोलावतात. पण पोरगी स्वतःचं नाव घालून लिहिणार होती. मी कपाटातून स्मरणिका काढली आणि पान उघडून तिच्यापुढे ठेवली.

“तुले सापडले ते वीसही जण मीच आहो.”

तिनं अक्षर अक्षर लावत लेख वाचला. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. तिनं विचारलं, “और पूरनपोली?”

“त्या दिवशी तुह्या आजीनं केली होती.”

तिनं प्रकरणातला तो परिच्छेद माझ्यासमोरच पुसला. प्रकरण सोमवारी द्यायचं होतं. त्या दिवशी ती ताट उचलून लॅपटॉपपाशीच जेवली.

पुढचे तीन दिवस ती जुने नकाशे ठेवलेल्या एका सरकारी संकेतस्थळात अडकली होती. तिथे दीपप्रज्वलनाचे फोटो लगेच उघडत आणि कागद उघडायला चकरा मारत. शनिवारी सकाळी एक पान उघडलं. जुन्या मोजणीचा नकाशा, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आमचा पारा, देवळाचं टिंब, आणि मागे वाटाण्याएवढा फिकट निळा डाग, त्यात एक नंबर. राणी नाही, नैवेद्य नाही. इतक्या वर्षांत तलावाबद्दल इतकं कमी आणि इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

तलाव प्रकरणात राहिला. पण लोक तिथे काय करायचे ते डाग काही सांगत नाही. तेव्हा तिनं फोन रेकॉर्डिंगला लावून माझ्यासमोर ठेवला. अट एकच: डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ऐकलेलं चालणार नाही, सुचलेलं तर नाहीच.

मी सांगितलं. अर्ध्या पाण्यावर पसरलेले शिंगाड्याचे वेल आणि ते काढायला छोट्या डोंगीत बसून येणारा ढीमर, म्हणजे इथला कोळी. उत्तरेच्या पायऱ्यांवर, इथे त्यांना पचरी म्हणतात, आईचा धुण्याचा दगड. त्यावर दुसऱ्या बाईनं धुणं ठेवलं की आई काही न बोलता शेजारी उभी राहायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काठाला लागलेली, रंग उतरलेली माती. मध्येच मी म्हणालो की पाणी आरशासारखं होतं. तिनं फोन थांबवला. “सच में?” मग मी सांगितलं की हिरवं होतं, आणि साबणाचा फेस तरंगायचा.

“और सीढ़ियाँ?”

मी डोळे मिटून उतरलो. पहिली तुटकी. तिसरीवर आईचा दगड. श्रावणात पाणी सातवीपर्यंत चढायचं. तिच्या खालच्या पायऱ्या उन्हाळ्यात दिसायच्या, निसरड्या, काळ्या, आणि आम्ही त्यांच्यावरून घसरत खाली जायचो. मी बोटांवर मोजल्या. सगळ्यात कडक उन्हाळ्यात एकोणीस दिसल्या होत्या, त्यापुढे चिखल.

तिनं वहीत लिहिलं, ‘कम से कम उन्नीस’. पुढे कंसात ‘मौखिक, एक ही साक्षी’, आणि तळटीप टाकली की या साक्षीदारानं पूर्वी चुकीची माहिती छापलेली आहे.

चिखलाखाली आणखी पायऱ्या असाव्यात असं मला आजही वाटतं. पण वाटण्यासाठी तिच्या वहीत रकाना नव्हता.