मोरोमोकेच्या कवितेतले सात पूर्वज

इबादान शहराच्या मोकोला भागात मोरोमोके कपडे शिवते आणि कविता करते. कापडाला कात्री तीच लावते. आपल्या कवितेलाही कोणी लावेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिचे वडील लोहार. ते गेल्यावर तिनं त्यांच्यावर योरुबा भाषेत कविता लिहिली, ओरीकीच्या, म्हणजे घराण्याच्या स्तुतिगीताच्या चालीवर. ओरीकीत घराण्यातला एकेक पुरुष नावानं हाकारायचा असतो. त्यातला एक जरी सुटला, तरी त्याला घराबाहेर काढल्यासारखंच. तिनं अकरा पिढ्या हाकारल्या होत्या. नव्या कवितांच्या संग्रहात ती कविता घेतली गेली, तेव्हा तिनं गल्लीभर केळ्याच्या तळलेल्या चकत्या वाटल्या.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृहाच्या दारातच तिनं पुस्तक उघडलं. पिढ्या चारच! खाली बारीक अक्षरात टीप : ‘संपादकाने पुनरुक्ती गाळली आहे.’

संपादक म्हणजे शेजारचा फोलारिन. मोठा समीक्षक. त्याला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्याच्या अंगणात उभं राहून त्याच्या घराण्याची ओरीकी हिनंच गायली होती, आणि पठ्ठ्या छाती फुगवून ऐकत होता.

“फोलारिन, माझे सात आजे-पणजे कुठे गेले रे?”

“मावशी, सगळ्या ओळी सारख्याच हो. ‘अमक्याचा मुलगा, तमक्याचा मुलगा.’ आजचा वाचक कंटाळतो. समीक्षेच्या दृष्टीनं बघितलं तर—”

“चुलीत गेली तुझी दृष्टी! माणसं आहेत ती!”

“आता छापून झालंय. पुढच्या आवृत्तीत बघू. आणि वाचताना छापलंय तेवढंच वाचा हं, वेळ कमी आहे.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वेळ नाही म्हणून मेलेल्या माणसांना दाराबाहेर उभं करायचं? आणि वर शहाणपण शिकवायचं? असल्या विद्वत्तेला काय म्हणावं!

नाव पुकारल्यावर ती मंचावर गेली. पुस्तक मिटलेलंच ठेवलं.

“आधी यजमानाचा मान,” ती म्हणाली आणि खड्या आवाजात तिनं फोलारिनचीच ओरीकी सुरू केली. तो खुशीत उभा राहिला. तिनं त्याच्या वडिलांना हाकारलं आणि तिथून थेट खापरपणजोबांवर उडी मारली.

पहिल्या रांगेतून उंच फेटा बांधलेली फोलारिनची आई ताडकन उठली.

“थांब गं! लादोसू कुठे गेले? माझ्या सासऱ्यांना गाळतेस? चारचौघांत?”

“काय करू, फोलारिनच्या आई? वेळ कमी आहे. आणि आजचा वाचक कंटाळतो म्हणे.”

“कोण मेला असं म्हणतो?”

मोरोमोकेनं पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हातारीनं चष्मा लावून कविता वाचली, टीप वाचली, संपादकाचं नाव वाचलं. मग लेकाकडे वळली.

“माझ्या सासऱ्यांचं नाव सुटलं तर मी भर सभेत उठते. हिच्या बापाच्या मागे सात माणसं तू खोडलीस? प्रती आण सगळ्या. लिही. हातानं.”

“आई, तीनशे प्रती आहेत!”

“मग बस लवकर.”

पाहुण्यांची भाषणं राहिली बाजूला. फोलारिन टेबलाशी बसला. मोरोमोके शेजारी उभी राहून एकेक नाव सांगत होती. पाचव्या प्रतीला त्याचं अक्षर घाईनं तिरकं व्हायला लागलं, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

“नीट काढ. माझे आजोबा आहेत ते.”