जेडचा गळ

दातांच्या डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं, की ओल्या दगडाच्या भुकटीचा तो वास येतो आणि मला अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधलं एक गॅरेज आठवतं. दोन हजार चार साल होतं. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून शेजारच्या, मूळच्या न्यूझीलंडच्या माओरी आजींच्या त्या गॅरेजमध्ये मी जेडचा हिरवा दगड कोरायला शिकत होते. पाण्याच्या धारेखाली दगड घासताना बोटं बधिर व्हायची, राखाडी चिखल कोपरापर्यंत उडायचा. मासे धरायच्या गळाच्या आकाराचं पहिलं पेंडंट करण्यात अख्खा हिवाळा गेला. ‘‘हे स्वतःला ठेवायचं नसतं, आपल्या माणसाला द्यायचं,’’ आजी म्हणाल्या, म्हणून मी ते जिवलग मैत्रिणीला दिलं. मराठी मंडळाच्या पाडव्याला ती ते घालून सगळ्यांना सांगत होती, ‘‘अगं, मीच केलंय! ऑर्डर्स पण घेतेय.’’ मला बघून ती जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, ‘‘यार, सांभाळून घे ना.’’ मी हसले. पुढच्याच शनिवारी त्याच सगळ्या बायकांना मी चहाला बोलावलं, आजींचं दगड घासायचं मशीन टेबलावर मांडलं आणि तिच्या हातात दगड दिला. ‘‘दाखव ना सगळ्यांना करून.’’ मशीन कुठून सुरू करायचं हेसुद्धा तिला सापडेना. ‘‘अगं, तूच करतेस ना?’’ एका काकूंनी विचारलं. तिनं पेंडंट काढून टेबलावर ठेवलं आणि ती रडत निघून गेली. नंतर तिचे कितीतरी फोन आले, मी एकही उचलला नाही. इतक्या वर्षांनी राग निवळायला हवा, असं लोक म्हणतात. पण तिचा तो उतरलेला चेहरा आठवला, की मला अजूनही गार वाटतं.