टीचरांची एकच कॅसेट

उमेळ्याच्या आमच्या शाळेत टेपरेकॉर्डर एकच होता, कॅसेटही एकच. टीचर तो टॉवेलात गुंडाळून, केळ्यांचा घड धरावा तसा छातीशी धरून आणायच्या. मी वाचताना फार अडखळायचो, म्हणून मधल्या सुट्टीत मला व्हरांड्यात बसवायच्या. रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबून म्हणायच्या, "हं, बोल. मी आहे ना." मग माझं वाचन मला एकट्यालाच ऐकवायच्या, वर्गाला कधीच नाही.

"तुझी चूक तू ऐक रे. लोकांना कशाला?"

नंतर त्याच कॅसेटवर दुसऱ्या कुणाचं वाचन भरलं जायचं आणि माझं अडखळणं पुसून जायचं.

सातवीच्या शेवटी मी अख्खं पान न अडखळता वाचलं.

"टीचर, एवढं पुसू नका ना!"

त्या कॅसेट हातात घेऊन जरा घुटमळल्या. "तुला आता हिची गरज नाही, बाळा. तिला आहे." दाराशी धाकट्या वर्गातली एक मुलगी पुस्तक घेऊन उभी होती.

तेव्हा मी चिडलो होतो. आज माझा आवाज नसला तरी चालेल. त्याच्या आधी टेपवर आलेलं टीचरांचं ते "मी आहे ना" तेवढं पुसायचं राहून गेलं असतं तर!